नाव घातलेला तांब्या आणि मॉरिशसमधले कागद

रविवार, व्हॅक्वा

मुंबईहून येणारं विमान मॉरिशसच्या आग्नेय टोकाला, प्लेझान्सच्या विमानतळावर उतरतं. खाली येताना चहूकडे ऊस, आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठाले ढीग. जमीन लागवडीखाली आणताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले हे दगड. बेट ज्वालामुखीतून झालेलं, त्यामुळे दगड आपल्या सह्याद्रीसारखाच काळा बेसॉल्ट. आईच्या माहेरच्या पाच पिढ्यांचा घाम या जमिनीत जिरला आहे, या विचाराने खिडकीवरून नजर हलत नव्हती.

माझ्या खांद्यावरच्या पिशवीत आईचा पितळी तांब्या होता. सामानात टाकायचा धीर झाला नाही.

आई १९६७ मध्ये शिष्यवृत्तीवर पुण्याला शिकायला आली, तिथेच लग्न झालं आणि पुण्याचीच झाली. निघताना तिच्या आजीने ट्रंकेत, लुगड्यांच्या घड्यांमध्ये, हा तांब्या ठेवला. तेव्हापासून तो आमच्या घरात आहे. जुन्या घडणीचा, आजच्या तांब्यांपेक्षा जाड पत्र्याचा. बूड झिजून गुळगुळीत झालंय, पोटावर एका बाजूला पोचा आहे. आणि गळ्याखाली, छिन्नीच्या बारीक ठिपक्यांनी घातलेलं एका बाईचं नाव. पुढे 'सौ.' नाही, मागे आडनाव नाही, कुणाकडून कुणाला हेही नाही. शेवटच्या अक्षराला जागा कमी पडली म्हणून कासाराने ते दाटीवाटीने बसवलंय. तांब्या आठवड्यातून एकदा चिंचेने घासायचा, पण नावावर चिंच लावायची नाही, तिथे नुसतं ओलं फडकं फिरवायचं, असा आईच्या आजीचा दंडक. आई तो अजून पाळते. ठिपके आजही बोटाला लागतात ते त्यामुळेच.

घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी, की आईच्या पणजोबांनी रत्नागिरी जिल्ह्यातून येताना हा तांब्या आणला. मग नाव बाईचं कसं? बायकोचं म्हणावं, तर आईच्या पणजीचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते हे नव्हे. आईला विचारलं की ती म्हणायची, "असेल कुणाचं तरी, जुनं भांडं आहे." मला ते पुरेसं वाटत नव्हतं. आपल्याकडे भांड्यावर नाव उगाच घालत नाहीत. कुणीतरी पैसे मोजून कासारापुढे बसून ते घालून घेतलेलं असतं. ती बाई कोण, हे शोधायला मी आले. (नाव इथे लिहीत नाही. घरातल्या माणसांची नावं बाहेर नकोत, असं मामांनी सांगितलं आहे आणि ते मला पटतं.)

व्हॅक्वा बेटाच्या मधल्या पठारावर आहे. जुलैत तिथे चक्क थंडी असते आणि दिवसभर भुरभुर पाऊस. मामांच्या घरी पोचले तेव्हा ते स्वेटर घालून फाटकात उभे होते. मामा निवृत्त शिक्षक. इथल्या सरकारी शाळांत मराठी शिकवली जाते, ती त्यांनी आयुष्यभर शिकवली. स्वतः ते मराठी शिकले बैठकेत. गावागावांत संध्याकाळी पोरांना भाषा आणि धर्म शिकवायच्या ज्या जागा मजुरांनी चालवल्या, त्यांना इथे बैठका म्हणतात. मामींशी आणि नातवंडांशी ते क्रेओलमध्ये, म्हणजे इथल्या फ्रेंचमधून घडलेल्या बोलीत बोलतात, माझ्याशी मराठीत.

तांब्या हातात घेतल्यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पोच्यावर अंगठा ठेवला. "हा माझ्यामुळे. विहिरीच्या कठड्यावरून पडला होता. आजीनं मला मारलं नाही, पण दोन दिवस बोलली नाही."

सोमवार, पोर्ट लुई

व्हॅक्वाहून मेट्रोने पोर्ट लुई. मामांची मुलगी, माझी ताई, सुट्टी काढून सोबत आली. आप्रवासी घाट, म्हणजे भारतातून करारावर आलेले मजूर जिथे उतरत ती जुनी छावणी, बंदराला लागूनच आहे. पलीकडून मोटारींचा मोठा रस्ता जातो, त्या आवाजात आपण एका दगडी आवारात शिरतो.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही. मॉरिशस १८१० मध्ये फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आलं. १८३५ मध्ये गुलामगिरी संपणार होती आणि ऊसमळ्यांना माणसं हवी होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून इथे उतरले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. पुढे १९१० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसं भारतातून आली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून. मुंबईहून आलेले त्या मानाने थोडे, आणि त्यांतले बरेच रत्नागिरी जिल्ह्याच्या पट्ट्यातले. एकूण आलेल्यांपैकी सुमारे तिसरा हिस्सा परत गेला, बाकीचे राहिले. १८४९ मध्ये या मजुरांसाठी ही छावणी बांधली. २००६ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि २ नोव्हेंबरला देशभर सुट्टी असते.

बंदरातून आवारात चढणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या आहेत. सगळे तिथे थांबतात, हात लावून नमस्कार करतात, फोटो काढतात. आम्हीही थांबलो. ताई चप्पल काढून एकेक पायरी चढली. ती इथेच वाढली, शाळेच्या सहलीत कितीदा आली असेल, तरीही.

मला मात्र आतल्या खोल्यांनी जास्त धरून ठेवलं. रुग्णालयाच्या भिंती, मजुरांच्या निवाऱ्याचा पाया, दगडी संडास. जहाजातून उतरलेली माणसं इथे दोनेक दिवस असायची. नाव, वय, उंची लिहून घेतली जायची, क्रमांक मिळायचा, आणि मग मळ्यांकडे वाटणी. मुंबईहून शिडाच्या जहाजाने यायला महिना लागायचा, कधी त्याहून जास्त. त्या सगळ्या दिवसांत पाणी मोजून मिळायचं. अशा प्रवासात तांब्या म्हणजे काय, हे मला त्या संडासांच्या दगडांपाशी उभं राहिल्यावर समजलं. पिणं, धुणं, आंघोळ, पोराला पाजणं, सगळं एका भांड्यात. ते हरवलं तर दुसऱ्याच्या भांड्याला हात लावायचा, आणि त्या काळात ते किती अवघड होतं हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. नाव घालून घेण्यामागे एवढं साधं कारणही असू शकतं.

शेजारच्या बीक्रमसिंग रामलल्ला माहिती केंद्रात चांगला तासभर गेला. २०१४ मध्ये ते उघडलं. फार भपका नाही, मजकूर नेमका आहे. जाणार असाल तर आधी केंद्र पाहा, मग आवार.

मंगळवार, पुन्हा पोर्ट लुई

दिवस नागरी नोंदणीच्या कागदांत गेला. रीत अशी आहे: आपल्यापासून मागे मागे जायचं. आईचा जन्मदाखला, त्यावर तिच्या वडिलांचं नाव. त्यांचा जन्मदाखला, त्यावर त्यांच्या वडिलांचं. त्यांच्या दाखल्यावर करारावर आलेल्या आईबापांची नावं, आणि नशीब असेल तर त्यांचे आप्रवासी क्रमांक. हा क्रमांक म्हणजे सगळ्या शोधाची किल्ली. तो मिळाला नाही, तर एकाच नावाच्या शेकडो माणसांत आपलं माणूस कोणतं ते सांगता येत नाही.

नावांचं सांगायचं तर कारकुनांनी कानाला लागलं तसं लिहिलं. शिवाय करारावर आलेल्या माणसाचं पहिलं नावच पुढच्या पिढीचं आडनाव झालं. त्यामुळे इथल्या मराठी घरांची आडनावं सखाराम, लक्ष्मण, गोपाळ अशी असतात, आणि लिहिताना ती इंग्रजी-फ्रेंच वळणाने लिहितात. आपल्याकडचं आडनाव घेऊन इथे शोधायला आलात तर काही हाती लागणार नाही.

मामांनी दाखल्यांच्या नकला गेली काही वर्षं जमवून ठेवल्या होत्या, एकच कमी होती. ती दुपारी मिळाली. पणजोबा-पणजीच्या लग्नाची नोंद. तिच्यावर दोन क्रमांक होते. मामांना वाटत होतं की पणजी इथेच जन्मली. तसं असतं तर तिच्या नावापुढे क्रमांक नसता. म्हणजे तीही जहाजातून आलेली होती.

रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, "पणजी? तिला तर मराठी सोडून काही यायचं नाही असं आजी सांगायची." मग थोडं थांबून, "हे मी आधी का नाही जोडून पाहिलं?"

बुधवार, मोका

महात्मा गांधी इन्स्टिट्यूट मोका इथे आहे. भारत आणि मॉरिशस या दोन सरकारांनी मिळून १९७० मध्ये उभारलेली संस्था. करारावर आलेल्या माणसांच्या नोंदवह्या इथे जपून ठेवल्या आहेत. आम्ही आधी पत्र लिहून क्रमांक आणि दाखले पाठवायची तयारी दाखवली होती, आज क्रमांकच घेऊन गेलो.

बाहेर बाकांवर बरीच मंडळी. बहुतेक हातात प्लास्टिकची पाकिटं घेऊन, तीन-तीन पिढ्या एकत्र. मार्च २०२४ मध्ये भारताच्या राष्ट्रपती इथे आल्या तेव्हा मॉरिशसच्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड (परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून भारत सरकार देतं ते) मिळेल, असं जाहीर झालं. त्यासाठी पूर्वज भारतातून आल्याचा पुरावा लागतो आणि तो इथे मिळतो. शेजारी बसलेल्या आजी भोजपुरी आणि क्रेओल मिसळून ताईशी बोलत होत्या. त्यांना कार्ड नको होतं, त्यांना फक्त आजोबांच्या गावाचं नाव कानाने ऐकायचं होतं.

आधी पणजोबांचा क्रमांक. नोंद पटकन सापडली. मुंबई बंदर, १८६० च्या दशकाची सुरुवात, वय बावीस, जिल्हा रत्नागिरी, बापाचं नाव, उंची, रिव्हिएर न्वार म्हणजे ब्लॅक रिव्हर भागातल्या मळ्यावर रवानगी. एका आयुष्याची एक ओळ. घरात ऐकलेल्या गोष्टीशी सगळं जुळलं. मामांनी समाधानाने मान हलवली. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं.

मग पणजीचा क्रमांक. इथून सगळं बदललं.

तिची नोंद पणजोबांच्या आधीची, १८५० च्या दशकाच्या शेवटची. जहाज वेगळं. वय नऊ. नऊ वर्षांची मुलगी. आईच्या नावाच्या रकान्यात, इंग्रजी अक्षरांत, वेडंवाकडं पण ओळखू येईल असं, तांब्यावरचं नाव.

मी पिशवीतून तांब्या काढून टेबलावर ठेवला. नोंदी दाखवणाऱ्या बाईंनी वही जरा मागे सरकवली, मग वाकून ठिपक्यांवरून एकेक अक्षर वाचलं. त्या स्वतः मराठी शिकलेल्या. दोनदा वाचलं, पुन्हा वहीत पाहिलं आणि म्हणाल्या, "मागचा क्रमांक पाहू या." कुटुंबं एकत्र उतरली की क्रमांक सहसा लागोपाठ पडत. मुलीच्या आधीचा क्रमांक तिच्या आईचाच होता. वय अठ्ठावीस. उंची पाच फुटांच्या आत. ओळखीची खूण: उजव्या हातावर गोंदण. जिल्हा रत्नागिरी. त्या दोघींच्या पुढे-मागे त्यांच्याबरोबरचा पुरुष म्हणावा असं कुणी नाही. पुढचे-मागचे क्रमांक वेगळ्या जिल्ह्यांच्या माणसांचे.

गावाच्या रकान्यात शाई फुटलेली. सुरुवातीचं 'पाल' स्पष्ट आहे, पुढचं डागात गेलंय. रत्नागिरी तालुक्यात पाली आहे, दापोलीत पालगड, गुहागरला पालशेत. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा पार वेंगुर्ल्यापर्यंत होता, म्हणजे आणखीही काही असू शकतील. मला स्वतःला पालशेत वाटतं, कारण ते समुद्राकाठचं, आणि मुंबईला जाणारी गलबतं तशाच बंदरांतून सुटायची. पण हा माझा अंदाज.

मॉरिशसला आलेल्या बायका बहुधा करारात बांधलेल्या नसत. मजुरांसोबत ठरावीक प्रमाणात बायका आल्याच पाहिजेत असा नियम १८५० च्या दशकात आला, त्यामुळे जहाज भरताना बायकांना मागणी होती. करार पुरुषाचा, मजुरी पुरुषाची. त्यामुळे पणजोबांच्या ओळीत मळ्याचं नाव आहे आणि हिच्या ओळीत तो रकाना मोकळा. एक तरुण बाई नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन, एकटी, परमुलखात उतरते. नवरा वारला असेल, टाकली असेल, की तीच निघाली असेल? वहीचे रकाने ते विचारत नाहीत.

नाव जुळलं म्हणजे सिद्ध झालं, असं मी म्हणणार नाही. त्या नावाच्या बायका कोकणात घरटी सापडतील. पण तांब्या ज्या घरात आला, त्या घरातल्या पहिल्या सुनेच्या आईचं नाव हे आहे, आणि भांड्यावरही हेच आहे. माझ्या दृष्टीने एवढं पुरे आहे. मामांच्या दृष्टीने अजून नव्हतं. ते वहीकडे बघत म्हणाले, "आम्हाला तर पणजोबांनी आणला असंच सांगितलं." त्यांना वाईट वाटलं असावं. लहानपणापासून ऐकलेलं माणूस एका ओळीसाठी सोडून देत नाही, आणि देऊही नये घाईने.

संस्थेच्या आवारातच आप्रवासींचं लोकसंग्रहालय आहे. कपडे, वाद्यं, चांदीचे दागिने, भांडी. काचेमागे पितळी लोटे आणि तांबे ओळीने मांडलेले. मी प्रत्येकाच्या गळ्याखाली पाहिलं.

गुरुवार, कास्काव्हेल

पश्चिमेकडे उतरलं की पाऊस संपतो. डोंगर उघडे, हवा कोरडी, ऊस तोडणीला आलेला. कास्काव्हेल हे मराठी वस्तीचं गाव म्हणून बेटभर ओळखलं जातं. देवळात गणपती. भाद्रपदात इथला गणपती पाहायला लांबून लोक येतात, आणि गणेश चतुर्थीला देशात सार्वजनिक सुट्टी असते. उत्सवात जाखडीही होते, तिला इथे झाकडी म्हणतात. मामा तरुणपणी नाचायचे असं मामींनी सांगितलं.

पणजोबांची रवानगी याच भागात झाली. मळ्याच्या जुन्या छावणीचं आता काही उरलेलं नाही. उसाच्या मधून एक दगडी धुराडं उभं आहे, जुन्या साखर कारखान्याचं. बेटभर अशी धुराडी आहेत. मामांनी उसाच्या कडेला उभं राहून जे सांगितलं ते पुस्तकात मी वाचलं होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकताना वेगळं वाटलं. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची. याला 'डबल कट' म्हणत. आजारी पडला तरी खाडाच. करार संपवून मोकळे झालेल्यांनाही १८६७ च्या कायद्याने फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. नसला तर रस्त्यात पकडून तुरुंगात. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याने मजुरांच्या बाजूने अर्ज केला, त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या आणि अंगठे होते. त्यातून चौकशी आयोग आला.

"अंगठ्यांत आपले पणजोबा असतील का?" ताईने विचारलं. मामा म्हणाले, "असतील असं मी धरून चालतो."

दुपारी तामारँला समुद्रावर. ल मॉर्नचा डोंगर दक्षिणेला दिसतो. पळालेल्या गुलामांनी ज्याचा आसरा घेतला तो हा डोंगर, २००८ पासून तोही जागतिक वारसा यादीत. ही दोन ठिकाणं, घाट आणि डोंगर, एकाच यादीत आहेत हे मला फार योग्य वाटतं. एकाची गोष्ट दुसऱ्याशिवाय सांगता येत नाही.

शुक्रवार, हेन्रिएटा

व्हॅक्वाच्या पुढे हेन्रिएटा. १८९६ मध्ये मॉरिशसमधली पहिली गणेशपूजा याच गावातल्या एका मराठी घरात झाली असं सांगतात. आम्ही गेलो ते आईच्या चुलत मावशीकडे. नव्वदीच्या पुढच्या आहेत. ऐकू कमी येतं, डोळे चांगले. मराठी अगदी जुन्या कोकणी वळणाची, मध्येच क्रेओल.

मागच्या अंगणात काळ्या दगडाचा पाटा-वरवंटा होता, झिजून मध्ये खोल झालेला. इथे त्याला रोशकारी म्हणतात आणि कुठल्याही जातीधर्माच्या घरात तो असतो. मी बसून मसाला वाटला, त्या बाजूला बसून सूचना देत होत्या. मग हात धुऊन तांब्या त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी तो लगेच ओळखला. तळाशी बोट फिरवलं, मग नावावर. वाचता येत नाही त्यांना. "सून आली की पहिलं पाणी ह्यातलं," त्या म्हणाल्या. "मापाचं नाय, पाण्याचं. न्हाणीघरात ठेवायचा नाय. सासू सुनेच्या हातात देणार आणि सांगणार, नावावर चिंच नको."

"पण मग माझ्या आईला कसा दिला? ती तर लेक," मी विचारलं. ताईने मोठ्याने परत विचारलं.

त्या हसल्या. घरात तेव्हा भांडण झालं होतं म्हणे. धाकटी सून घरात येणार होती, तांब्या तिचा. पण आईची आजी हटून बसली. म्हणाली, पोरगी एकटी दर्या ओलांडून चालली आहे, तांब्या तिला. हा तांब्या एकटीनं दर्या ओलांडलेल्या बाईचा आहे.

मी ताईकडे पाहिलं, ताईने मामांकडे. मावशीबाईंना आम्ही वहीतलं काही सांगितलेलं नव्हतं.

"कोण बाई?" मामांनी विचारलं.

"तुझ्या पणजीची आई. लेकीला घेऊन आली ती. दोघीच. रडायची नाय म्हणत. पोर झोपली की तांब्या उशाला घेऊन निजायची, कुणी न्यायचं म्हणून." आणि मग, आम्ही इतके गप्प का झालो हे न कळून, "तुम्हाला नाय ठाऊक? बायकांना सगळ्यांना ठाऊक होतं."

आईच्या आजीला हे ठाऊक होतं. तिने तिच्या सासूकडून ऐकलं होतं, आणि सासू म्हणजे ती नऊ वर्षांची मुलगी. आईला मात्र कुणी सांगितलं नाही. एकोणीस वर्षांची, निघायच्या गडबडीत, आणि आजी पुढच्याच वर्षी गेली. पुरुष आडनावाची गोष्ट सांगत आले, कारण आडनाव पणजोबांचं. बायका भांड्याची गोष्ट सांगत आल्या. दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच चुलीपाशी, शंभर वर्षं नांदल्या आणि एकमेकींना भेटल्या नाहीत. मला याचा राग येत नाही, पण हळहळ वाटते. त्या बाईबद्दल आणखी किती काय ठाऊक असेल कुणाकुणाला, आणि विचारलंच गेलं नाही. तुमच्या घरात नव्वदीच्या कुणी आज्या असतील तर जुनी भांडी त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवा. कागदाआधी हे करा.

परतताना गाडीत मामांनी विचारलं, "वहीत तिचं वय काय होतं?" अठ्ठावीस, मी सांगितलं. "ताईपेक्षा लहान," ते म्हणाले. ताई चौतीसची आहे.

शनिवार, व्हॅक्वा

उद्या निघायचं. सकाळी ताईने तांब्याचे फोटो काढले, नावाचे जवळून, तिरप्या उजेडात, म्हणजे ठिपके नीट दिसतात. पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने नावाचा ठसा घेतला. दाखल्यांच्या नकलांचे दोन संच केले, एक इथे, एक पुण्याला. मामांनी एका कोऱ्या वहीत वंशावळ लिहायला घेतली आणि या वेळी सगळ्यात वर, पणजोबांच्या शेजारी, पणजी आणि तिच्या वर तिची आई लिहिली. हात थोडा थरथरतो त्यांचा, पण शिक्षकी अक्षर अजून तसंच आहे.

तांब्या कुठे राहावा, हा प्रश्न होताच. मी आईला व्हिडिओ कॉल लावून दिला आणि बाजूला झाले. मामींचं म्हणणं, तो या घरच्या सुनांचा, इथे असावा. मामा काहीच म्हणाले नाहीत. आईने सगळं ऐकून घेतलं, मावशीबाईंनी सांगितलेलं तर मला तीनदा सांगायला लावलं. शेवटी म्हणाली, "मी आहे तोवर माझ्याकडे राहू दे. रोज पाणी पिते मी त्यातून. माझ्यानंतर ताईचा. तिला इकडे येऊन न्यावा लागेल पण." ताई म्हणाली, "येते की."

मग मामांनी फोन हातात घेतला आणि आईला पालीला, पालगडला आणि पालशेतला जायला पुण्याहून एसटी मिळते का ते विचारलं. तिन्ही गावं बघायची म्हणाले, तिथल्या जुन्या लोकांना भेटायचं, तांब्या दाखवायचा. आई म्हणाली, "गणपतीत या, सगळा कोकण घरी असतो."

"गणपतीत कसा येऊ?" मामा म्हणाले. "माझ्या घरी बसतो ना गणपती. शिमग्याला येतो."